माव म्हणजे नक्की कोण

२ जुलै २००७, सोमवार

चोवीस वर्षं शाळेचं दप्तर मी जिवापाड सांभाळलं. आज माईंनी कपाटाची किल्ली माझ्याकडून मागून घेतली आणि एका सव्वीस वर्षांच्या पोरीच्या हातात ठेवली. माई आमच्या मूकबधिर शाळेच्या मुख्याध्यापिका, त्यांच्यापुढे बोलायची सोय नाही. पोरीचं नाव अंतरा. इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते आणि पहिल्या मिनिटापासून मला काका म्हणते.

माईंचं म्हणणं असं, की मुलं आमच्याकडे येतात ती सात-आठ वर्षांची होऊन. दोन-तीन वर्षांची असतानाच कळलं तर कानाला यंत्र लावून बरंच बोलायला शिकवता येतं. म्हणून लहान मुलांच्या कानांचं तपासणी शिबिर घ्यायचं. पण यंदा एकाच ठिकाणी घेता येईल. कुठे, ते आमच्या रजिस्टरांवरून शोधायचं.

अंतराची रीत अशी. रजिस्टरमधलं प्रत्येक नाव म्हणजे एक ठिपका. माणूस हा ठिपका, गाव हा ठिपका, आजार हा ठिपका, कुलदैवत हासुद्धा ठिपका. कोण कुणाचं कोण, कोण कुठलं, ही त्यांच्यातली रेघ. मग सॉफ्टवेअर बघतं की कोणते ठिपके एकमेकांत जास्त गुंतलेत, आणि त्यांचे गट पाडतं. ज्या गटात बहिरी मुलं सगळ्यांत जास्त, त्याच गावांत शिबिर. मी म्हटलं, गट पाडायला सॉफ्टवेअर कशाला, आमच्या गडमुडशिंगीच्या सोसायटीच्या निवडणुकीला या. ती हसली नाही. डोकं दुखत होतं म्हणून मी पाचच्या केएमटी बसने घरी आलो.

घरी मात्र आनंद आहे. धाकट्या भावाचं, वीरेशचं जमल्यात जमा आहे. कुरुंदवाडच्या माझ्या बहिणीची, बसव्वाची मुलगी शांभवी. घरातली मुलगी घरात येणार. आमच्या सीमाभागात भाचीवर मामाचा पहिला हक्क मानतात, आणि दोघांनाही एकमेकांचं वेड आहे हे मला वर्षभरापासून दिसतंय.

११ जुलै, बुधवार

दिवसभर मी वाचायचं आणि अंतराच्या दोन विद्यार्थिनींनी टाइप करायचं. आज आकारामची रजिस्टरं काढली. आकाराम म्हणजे माझ्या आधीचा माणूस, चौथी शिकलेला. शिपाईही तोच, कारकूनही तोच. काय ते अक्षर! पेन्सिलीने लिहिलेलं, रकाना सोडून समासात गेलेलं. आणि लोक बोलतील तसंच्या तसं उतरवलेलं: 'आईचा माव म्हंजी आजीचा सख्खा भाऊ, त्येच्याच पोराला दिली हाय.' याला काय दप्तर म्हणायचं?

मी त्र्याऐंशी साली लागलो तेव्हा आधी ही घाण उपसली. आमच्याकडे कानडीच्या शेजारामुळे मामालाही माव म्हणतात आणि सासऱ्यालाही माव म्हणतात. पुण्याच्या तपासनिसाला त्यातलं काय कळणार? मी स्वच्छ 'सासरे' लिहायला लागलो. पुढच्याच तपासणीत शेरा मिळाला, 'दप्तर आदर्श'. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

१९ जुलै, गुरुवार

पहिला निकाल आला. गट किती, तर एक. साडेचारशे मुलांची घरं सगळी एकाच गटात, आणि बरोबर मधोमध एक ठिपका, नाव अक्का. अक्काला एकेचाळीस मुलं. अंतरा चक्रावली. मला म्हणाली, या अक्कांचा आणखी काही तपशील मिळेल का?

मी हसून हसून खोकलो. आमच्या घराघरांत एक अक्का असते, एक अण्णा असतो, एक अव्वा असते. आईला कुठे अक्का म्हणतात, कुठे अव्वा, आणि तिचं नाव विचारलं की घरचे तेच सांगतात. सॉफ्टवेअरने सगळ्या अक्का एकच समजून एकीलाच आई करून टाकली. आता प्रत्येक अक्काला वेगळा नंबर द्यायचा. मनातून बरं वाटलं. यंत्रालाही गोंधळ होतो म्हणायचा.

२७ जुलै, शुक्रवार

अक्का सुटल्या तरी गट एकच. आता मध्यभागी वीरभद्र. निम्म्या घरांचं कुलदैवत तेच, त्यामुळे सगळे त्याला चिकटलेले. अंतरा म्हणाली, काका, देव काढून टाकू या.

मला राग आला. देव काढून टाकू या म्हणजे काय? ती म्हणाली, फक्त कॉम्प्युटरमधून. तरी मी बाहेर जाऊन उभा राहिलो. परत आलो तेव्हा देव गेला होता आणि जाळ्याचे अठरा तुकडे झाले होते. खरं सांगायचं तर चित्र आता कुठे नीट दिसत होतं. हे मी तिला बोललो नाही.

४ ऑगस्ट, शनिवार

अंतरा म्हणते, निकाल बरोबर येतो का हे कळायला आपल्याला पक्कं माहीत असलेलं एक घर त्यात घालून बघावं. मी म्हटलं, माझंच घाला, यात लपवण्यासारखं काय आहे. मी मल्लाप्पा हेरवाडे. भाऊ वीरेश, बहीण बसव्वा. बायको निलव्वा, ही माझ्या सख्ख्या मामाची मुलगी, म्हणजे माझे मामा तेच माझे सासरे. आम्ही त्यांना जन्मभर मावच म्हटलं. मुलं विचारली. एक मुलगा महांतेश, पुण्यात नोकरीला. त्याच्या आधीची गंगव्वा, एक्याऐंशी साली अडीच वर्षांची असताना तापाने गेली.  फार गोड पण फार हट्टी. खेळात रमली की दहा हाका मारा, वळून बघायची नाही.

निकाल आला. आमचं घर तिसऱ्या गटात.

१३ ऑगस्ट, सोमवार

तिसरा गट म्हणजे नदीकाठच्या सहा गावांचा. आकारामच्या रजिस्टरांतली बहुतेक मुलं त्याच गटात आहेत. एकोणऐंशी सालच्या एका मुलाची आजी माझ्या आजोळच्या घरातली निघाली, त्या रेघेवरून आम्ही तिथे जाऊन पोचलो. मी अंतराला सांगितलं, आमच्या घरात कुणी बहिरं नाही, तुमचं सॉफ्टवेअर चुकलंय. ती म्हणाली, काका, गट म्हणजे आजार नव्हे, गट म्हणजे फक्त किती रेघा आहेत ते. मग आमचं नाव काढून टाका म्हटलं, तर म्हणाली, नाव काढल्याने रेघ जात नाही. मला याचा अर्थ कळला नाही.

पण तिलाही एक कोडं सुटत नाहीये. त्र्याऐंशीपर्यंतची मुलं तिसऱ्या गटात घट्ट बांधलेली आहेत. त्र्याऐंशीनंतरची मुलं त्याच सहा गावांतली, तरी सुटी सुटी, कुणाचा कुणाशी संबंध नाही. तिने विचारलं, त्र्याऐंशीत काय झालं?

मी खूप विचार केला. रस्ते झाले, एसट्या वाढल्या, लोक लांबच्या मुली करायला लागले असतील. शिक्षणाने सुधारणा झाली असेल. ती ऐकत होती पण लिहून घेत नव्हती. शेवटी म्हटलं, त्र्याऐंशीत दुसरं काही नाही, त्या साली मी लागलो.

२९ ऑगस्ट, बुधवार

लोडशेडिंग. सकाळची वीज गेली की कॉम्प्युटर बंद आणि सगळे मोकळे. बसव्वाचा फोन आला होता, साखरपुडा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, बावीस ऑक्टोबरला धरलाय. साडी शांभवीने स्वतः निवडली म्हणे, मोरपिशी. वीरेश मोटार वाइंडिंगच्या दुकानातून दिवसातनं चार वेळा फोन करायला बाहेर पडतो. निलव्वा मात्र लग्नाचं काही काढलं की उठून आत जाते. वय झालं, थकते बिचारी.

१२ सप्टेंबर, बुधवार

आज जे झालं ते लिहायला घेतलं खरं, पण मला ते नीट समजलंय की नाही, शंकाच आहे.

धोंडुबाई आली होती. तिची दोन मुलं आमच्याकडे आहेत, सहावीत आणि तिसरीत. गणपतीच्या सुट्टीला त्यांना न्यायला आलेली. अंतराने तिला बसवून घेतलं आणि रजिस्टर पुढ्यात ठेवून विचारायला लागली. घरात कोण कोण? नवरा, मी, माव. माव म्हणजे तुमचे सासरे ना? हो. मग अंतराने सहज विचारावं तसं विचारलं, लग्नाच्या आधी त्यांना काय म्हणत होता?

धोंडुबाईला प्रश्नच कळेना. "मावच की," ती म्हणाली. "माझ्या आईचा भाऊ हाय न्हवं त्यो. आधीबी माव, आताबी माव."

अंतराने रजिस्टरकडे बघितलं. तिथे माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'सासरे'.  मग रजिस्टर मिटून ती धोंडुबाईसाठी चहा सांगायला गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

मी एकटाच बसून पानं उलटत राहिलो. सासरे. सासरे. सासरे. चोवीस वर्षं लोक मला सांगत होते की मामाच्या घरात दिली, आणि मी तेवढंच पुसत होतो. चांगलं मराठी लिहायचं म्हणून. दोन घरांना जोडणारी रेघ त्या एका शब्दात होती. चौथी शिकलेल्या आकारामलाही कळत होतं की विचारून लिहावं.

२८ सप्टेंबर, शुक्रवार

सुट्टीवरून मुलांना सोडायला आलेल्या प्रत्येक आईबापाला आम्ही दारातच गाठलं. जे आले नाहीत त्यांना, आणि शाळा सोडून गेलेल्या मुलांच्या घरीही, मी स्वतः पत्रं लिहिली. एकच प्रश्न, माव म्हणजे नक्की कोण. काहींनी सांगितलं नुसताच सासरा. काहींनी सांगितलं मामा. पत्र मिळताच शाळेत आलेल्या, जुन्या मुलाच्या एका म्हाताऱ्या बापाने मला दरडावलं, की पावणं, चोवीस वर्सांपूर्वी सांगितलं हुतं की, तवा काय झोपला हुता?

सुधारलेली माहिती आज घातली. सुटी मुलं एकेक करून तिसऱ्या गटात येऊन बसली. शिबिर कुठे घ्यायचं ते ठरलं, माई खूष आहेत. म्हणाल्या, हेरवाडे, तुमच्यामुळे झालं. 

नंतर अंतराला गाठून विचारलं, तिसऱ्या गटातल्या दोघांचं लग्न झालं तर? कुणाचं ते सांगितलं नाही. ती म्हणाली, तिने एका डॉक्टरांना विचारून ठेवलंय. हे बहिरेपण रक्तातून लपून येऊ शकतं. दोघांच्याही अंगात ते लपलेलं असेल तर दर वेळी चारात एक मूल तसं निघायची शक्यता, नसेल तर काही नाही. अंगात आहे की नाही हे ठिपक्यांवरून कळत नाही. ठिपक्यांवरून एवढंच कळतं की विचारायला हवं. मग ती हळूच म्हणाली, "काका, तुम्ही घरच्यांशी बोला." मी सांगितलं नव्हतं तरी तिला कळलं होतं.

पण बोलायचं काय? आमच्या घरात तर कुणी बहिरं नाही.

३० सप्टेंबर, रविवार

निलव्वा भाकऱ्या थापत होती. मी तिला सगळं सांगितलं, ठिपके, रेघा, तिसरा गट, चारात एक. आणि म्हटलं, आपल्या घरात तसं काही नाही म्हणून मला वाटतं गप्प बसावं, पोरांचा आनंद का मोडायचा.

तिने भाकरी तव्यावर टाकली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "गंगव्वाला ऐकू येत न्हवतं."

मी म्हटलं, ती हट्टी होती.

"परात पडली तरी दचकायची न्हाई. मी मागनं टाळ्या वाजवून बघायची, तुम्ही नसताना. तुमास्नी सांगायचं धाडस झालं न्हाई. मग तुम्ही त्या शाळंत लागला. मला वाटलं, ह्यांस्नी कळलं, म्हणूनच लागले."

भाकरी करपली. 

मला कळलं होतं का? मी खरंच आठवून बघतोय. जाहिरात आली, मी अर्ज केला, कारण घराजवळ कायमची नोकरी होती. त्यावेळी गंगव्वा मनात होती की नव्हती? पहिल्याच दिवशी शाळेत एक बारकी पोरगी पाठमोरी बसलेली बघून मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मग मारली नाही, एवढं आठवतं. रोज दीडशे मुलं समोर असायची, हाका मारल्या तर न वळणारी. आणि मला माझी मुलगी हट्टी होती असंच वाटत राहिलं. माणूस इतका कसा काय आंधळा असू शकतो? मी आज बावन्न वर्षांचा आहे आणि आज पोटभर रडलो.

७ ऑक्टोबर, रविवार

वीरेशला सोमवारीच सांगितलं. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग मोटरसायकलला किक मारली आणि म्हणाला, "तिला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर तिला वाटंल मला नको झालीय." आठ दिवस झाले नाहीत तोवर त्याचा चेहरा उतरून गेलाय. दुकानातून फोन करायला बाहेर पडत नाही.

साखरपुड्याला पंधरा दिवस उरले. मी सांगितलं तर लग्न मोडेल. नाही सांगितलं तर चोवीस वर्षं जे केलं तेच पुन्हा करेन.

१५ ऑक्टोबर, सोमवार

काल कुरुंदवाडला जाऊन आलो. आज रजा टाकली आहे, हे लिहून होईपर्यंत कुठे जाणार नाही.

एसटीत वाक्यं जुळवत होतो, पण बसव्वाच्या सोप्यावर बसल्यावर एकही कामाला आलं नाही. तिने आंबील दिली. शांभवी मोरपिशी साडी दाखवायला घेऊन आली. मी म्हटलं, बस, तुलाच सांगायचंय. आणि आकारामपासून सुरुवात केली. खूप लांबण लागली. मध्येच मी अक्काच्या एकेचाळीस मुलांचंही सांगत बसलो, कशाला ते मलाच कळेना. शेवटी गंगव्वापाशी आलो आणि थांबलो.

मला वाटलं होतं बसव्वा दचकेल. ती थंड आवाजात म्हणाली, "तुझ्या गंगव्वाचं मला ठाऊक न्हाई व्हय? दोन वेळा माझ्या मांडीवर झोपली ती पोरगी, बाहेर हलगी वाजत असताना. तू गप, म्हणून मी गप. धाकट्याला धाकटी द्यायची ठरली तवाबी तुझ्या तोंडाकडं बघितलं. तू त्या शाळंतला माणूस. तू हसत हुतास. मला वाटलं, ह्येला समजतंय, ह्येला न्हाई भ्या वाटत, मग आपण कशाला भ्यायचं?"

म्हणजे निलव्वाला माहीत होतं, बसव्वाला माहीत होतं. जो तो माझ्या तोंडाकडे बघून गप्प, आणि मला काहीच माहीत नव्हतं. की होतं? मला अजूनही ठरवता येत नाही.

बसव्वा उठून आत गेली. आतून भांडी जोरात ठेवल्याचे आवाज येत राहिले. शांभवी साडीची घडी घालत होती. चारही टोकं जुळवून घातली. मी म्हटलं, बाळ, तुझ्यावर सक्ती नाही. मोडायचं असेल तर मी मोडतो, बोल मला लागू दे. तिने विचारलं, धाकट्या मावला हे सांगितलंय का? सांगितलंय म्हटलं. काय म्हणाले? तू त्याला नको झालीस असं तुला वाटू नये म्हणतो. तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पहिल्यांदाच.

मग म्हणाली, साखरपुडा पुढं ढकलू. आम्ही दोघं आधी डॉक्टरकडे जाऊ, जे सांगतील ते दोघं ऐकू, आणि आमचं आम्ही ठरवू. तुम्ही ठरवायचं नाही, अव्वानेही ठरवायचं नाही. मला ते पटलं. मी पिशवी उचलली. खरं सांगायचं तर सुटल्यासारखंच वाटलं होतं.

मी उंबऱ्यापाशी पोचलो तेव्हा तिने थांबवलं.

"माव, एक विचारू? समजा लगीन केलं. समजा पोरगं तसलं झालं. तुमच्या शाळंत दीडशे पोरं हैत. तुम्ही त्यास्नी रोज बघताय. तुम्ही हितं आलाय ते कुणी मेल्याची बातमी आणल्यागत आलाय. ती पोरं काय एवढी वंगाळ हैत व्हय?"

दर जूनला नवीन आईबाप रडत येतात तेव्हा मीच त्यांना खुर्ची देतो आणि सांगतो, घाबरू नका, बहिरं मूल म्हणजे संकट नव्हे. चोवीस वर्षं सांगतोय. एकदाही अडखळलो नाही.

काल अडखळलो. शांभवी वाट बघत उभी होती, आतले भांड्यांचे आवाजही थांबले होते. बसव्वाही ऐकत असणार. मी 'न्हाईत' म्हणालो. पण म्हणायला फार वेळ लागला, आणि तो किती लागला ते दोघींनीही बघितलं.